रविवारची शास्त्रवाचने आणि धर्मग्रामाचा आठवडा

ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाचे आणि त्याच्या मरण-पुनरुत्थानाचे स्मरण ज्या सामुदायिक उपासनेत केले जाते, त्या रविवारच्या मिस्साला कॅथोलिक जीवनात केंद्रस्थान आहे. या उपासनेचे दोन मुख्य भाग असतात: पवित्र शास्त्रातील वाचने, प्रवचन व प्रार्थना यांचा शब्दविधी, आणि त्यानंतर वेदीवरील अर्पण व पवित्र कम्युनियन. हे दोन्ही भाग परस्परांशी इतके जोडलेले आहेत की त्यांची मिळून एकच उपासना होते, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी घोषित केलेल्या उपासनाविषयक संविधानात स्पष्ट केले आहे. तरीही व्यवहारात पहिल्या भागाकडे दुर्लक्ष होते; वाचक ऐनवेळी ठरतो, वाचनाचा उतारा त्याने आधी पाहिलेला नसतो, आणि ऐकणाऱ्यांच्या मनात तो घरी पोहोचेपर्यंतही टिकत नाही. वाचनांची तयारी सोमवारी सुरू झाली आणि त्यांचा परिणाम पुढच्या शनिवारपर्यंत धर्मग्रामाच्या कामात दिसू लागला, तर लहानशा व साधनहीन समूहातही उपासनेला बळ येते. असा आठवडा कसा बांधावा, याचे मार्गदर्शन या लेखात केले आहे.

हे मार्गदर्शन मराठवाड्यातील कन्नड तालुक्यासारख्या भागाला विशेष लागू पडते. मराठवाड्यात कॅथोलिक मिशनकार्याची पायाभरणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात झाली. संत फ्रान्सिस दी सेल्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिशनरी संघाचे धर्मगुरू त्या काळात आले, आणि वैजापूर तालुक्यातील घोगरगाव हे त्या कार्याचे महत्त्वाचे केंद्र ठरले. पुढे १७ डिसेंबर १९७७ रोजी अमरावती धर्मप्रांताचे विभाजन होऊन औरंगाबाद धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या देखरेखीखालील ख्रिस्तमंडळीचा प्रदेश, स्वतंत्र झाला. धर्मप्रांताचा घटक म्हणजे धर्मग्राम. चर्चच्या कायद्यानुसार धर्मग्राम म्हणजे केवळ इमारत किंवा हद्द नव्हे, तर एका धर्मगुरूंच्या देखरेखीखाली सोपवलेला श्रद्धावंतांचा स्थिर समुदाय होय. कन्नड तालुक्याची रचना पाहता, एकीकडे पिशोर व चिंचोली लिंबाजी, दुसरीकडे देवगाव रंगारी आणि घाटाखाली नागद अशी गावे दूरदूर विखुरलेली आहेत. अशा भागात ख्रिस्ती कुटुंबे थोडी व पांगलेली असतील, तर धर्मगुरूंना प्रत्येक रविवारी प्रत्येक गावी पोहोचणे शक्य होत नाही. जेथे मिस्सा दर रविवारी होऊ शकत नाही, तेथेही त्या रविवारची वाचने मात्र पोहोचू शकतात, आणि म्हणूनच त्यांची नीट व्यवस्था लावणे ही तेथील पहिली गरज ठरते.

वाचनांची रचना समजून घ्यावी

रविवारी कोणता उतारा वाचायचा हे वाचक किंवा धर्मगुरू आपल्या मनाने ठरवत नाहीत. ते वाचनग्रंथात, म्हणजे वर्षभराच्या उपासनेसाठी नेमून दिलेल्या उताऱ्यांच्या अधिकृत संग्रहात, ठरलेले असते. उपासनेत श्रद्धावंतांपुढे पवित्र शास्त्राचे भांडार अधिक उदारपणे खुले व्हावे, ही व्हॅटिकन परिषदेची अपेक्षा पूर्ण करण्यासाठी २५ मे १९६९ रोजी वाचनांचा नवा क्रम जाहीर झाला आणि त्याची विस्तारित प्रस्तावना असलेली दुसरी आवृत्ती १९८१ मध्ये आली. या क्रमानुसार रविवारी चार गोष्टी येतात: पहिले वाचन बहुधा जुन्या करारातून, त्याला उत्तर म्हणून गायिले जाणारे प्रतिसाद स्तोत्र, दुसरे वाचन प्रेषितांच्या पत्रांतून किंवा प्रकटीकरणाच्या पुस्तकातून, आणि शेवटी शुभवर्तमान, म्हणजे मत्तय, मार्क, लूक व योहान यांनी लिहिलेल्या ख्रिस्तचरित्रांतील उतारा. पुनरुत्थानकाळात, म्हणजे ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंतच्या पन्नास दिवसांत, पहिले वाचन जुन्या कराराऐवजी प्रेषितांच्या कृत्यांतून घेतले जाते.

रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात फिरतात. 'अ' वर्षात मुख्यतः मत्तय, 'ब' वर्षात मार्क आणि 'क' वर्षात लूक वाचला जातो. योहानाच्या शुभवर्तमानाला वेगळे वर्ष नाही, पण उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या तयारीच्या काळात, व पुनरुत्थानकाळात त्याचे उतारे ठळकपणे येतात, आणि मार्काचे पुस्तक लहान असल्यामुळे 'ब' वर्षात सामान्यकाळाच्या १७व्या ते २१व्या रविवारी योहानाचा सहावा अध्याय वाचला जातो. कोणते वर्ष चालू आहे हे ओळखण्याची रीत सोपी आहे: ज्या सनाला तीनने पूर्ण भाग जातो, ते 'क' वर्ष. त्यानुसार २०२५ हे 'क', २०२६ हे 'अ' आणि २०२७ हे 'ब' वर्ष ठरते. मात्र उपासनेचे वर्ष १ जानेवारीला सुरू होत नसून आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या कालावधीच्या, पहिल्या रविवारी सुरू होते, हे लक्षात ठेवावे. उदाहरणार्थ, 'ब' वर्षाचा आरंभ २९ नोव्हेंबर २०२६ रोजी होतो.

वाचनांचा परस्परसंबंध माहीत असेल तर तयारी निम्मी सोपी होते. सामान्यकाळात, म्हणजे आगमन-नाताळ आणि उपवास-पुनरुत्थान हे विशेष काळ वगळून उरणाऱ्या ३३ किंवा ३४ आठवड्यांत, पहिले वाचन त्या दिवसाच्या शुभवर्तमानाशी जुळेल असे निवडलेले असते आणि स्तोत्र पहिल्या वाचनाला प्रतिसाद देते. दुसरे वाचन मात्र आपल्या स्वतंत्र गतीने चालते. एखादे पत्र अनेक आठवडे क्रमाने वाचले जाते, जसे 'अ' वर्षात रोमकरांना लिहिलेले पत्र ९व्या रविवारापासून २४व्या रविवारापर्यंत चालते. म्हणून दुसऱ्या वाचनाचा शुभवर्तमानाशी ओढूनताणून संबंध जोडण्याची गरज नाही. मागच्या रविवारी पत्र कोठे थांबले होते ते पाहावे, म्हणजे उताऱ्याचा अर्थ उलगडतो.

घरी उतारा शोधताना दोन अडचणी हमखास येतात. बायबल सोसायटीची जी मराठी प्रत अनेक घरांत असते, तिच्या नेहमीच्या आवृत्तीत ६६ पुस्तके असतात, तर कॅथोलिक पवित्र शास्त्रात ७३ पुस्तके मानली जातात. तोबीत, युदिथ, मक्काबी लोकांची दोन पुस्तके, शलमोनाचा ज्ञानग्रंथ, सिराख आणि बारूख ही सात पुस्तके व एस्तेर आणि दानिएल यांच्या पुस्तकांतील काही भाग त्या आवृत्तीत सापडत नाहीत. 'अ' वर्षाच्या १६व्या रविवारी ज्ञानग्रंथातून आणि २४व्या रविवारी सिराखमधून पहिले वाचन असते, तेव्हा शोधणाऱ्याला आपलेच काही चुकले असे वाटू नये. अशा उताऱ्याची प्रत धर्मग्रामाने आधी पुरवावी. दुसरी अडचण स्तोत्रांच्या क्रमांकांची आहे. हिब्रू आणि लॅटिन परंपरांतील क्रमांकन वेगळे असल्यामुळे १० ते १४७ या दरम्यानच्या बहुतेक स्तोत्रांच्या क्रमांकांत एकाचा फरक पडू शकतो, म्हणून क्रमांकापेक्षा पहिली ओळ जुळवून पाहावी. अर्थ समजून घेण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल' या ग्रंथाची मदत होते. २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेल्या या ग्रंथात मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी भाषा आणि स्पष्टीकरणे आहेत. उपासनेत वाचताना मात्र अधिकृत वाचनग्रंथातील पाठच वापरावा.

वाचकाची आठवडाभराची तयारी

वाचनसेवा ही मानाची जागा नसून सेवेची जागा आहे, म्हणून ती एकाच कुटुंबाकडे किंवा केवळ शिकलेल्या पुरुषांकडे राहू नये. १० जानेवारी २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या कायद्यात बदल करून, विधिपूर्वक नेमल्या जाणाऱ्या वाचकाची सेवा स्त्रियांसाठीही खुली केली; तात्पुरत्या नेमणुकीने तर त्या आधीपासूनच वाचत आल्या आहेत. गावातील शाळा-महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलींना, अंगणवाडीत किंवा बचत गटात काम करणाऱ्या स्त्रियांना या सेवेसाठी आवर्जून तयार करावे. तीन महिन्यांची वाचकांची यादी आधी जाहीर करावी, प्रत्येक रविवारी एक राखीव वाचक ठेवावा आणि पहिले व दुसरे वाचन शक्यतो वेगवेगळ्या व्यक्तींना द्यावे.

ज्याची पाळी असेल त्याने सोमवारी किंवा मंगळवारी चारही उतारे घरी शांतपणे वाचावेत आणि आपल्या उताऱ्याच्या आधीचा व नंतरचा भागही पाहावा, म्हणजे बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि प्रसंग कोणता हे कळते. बुधवारी कठीण नावे स्वतंत्रपणे म्हणून पाहावीत. मलकीसदेक, नहेम्या, थेस्सलनीका अशी नावे अडखळत उच्चारली गेली की ऐकणाऱ्याचे लक्ष अर्थावरून उडते. त्यानंतर वाक्ये कोठे तोडायची, श्वास कोठे घ्यायचा, आणि कोणत्या शब्दावर भर द्यायचा हे कागदावरच्या प्रतीत पेन्सिलीने खूण करून ठरवावे. शुक्रवार-शनिवारी घरातल्या माणसांसमोर उतारा मोठ्याने वाचावा आणि ऐकणाऱ्याला तो स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावा. ऐकणाऱ्याला प्रसंग सांगता आला नाही, तर दोष बहुधा त्याच्या समजुतीत नसून वाचनाच्या गतीत असतो.

लिहिता-वाचता न येणाऱ्या वडीलधाऱ्यांना या तयारीतून वगळू नये. आजी-आजोबांचे कान ओवी, अभंग व भारूड ऐकून तयार झालेले असतात. उतारा कानाला कोठे खटकतो हे तेच अचूक सांगू शकतात. ग्रंथ शुद्ध असावा आणि तो समुदायाने एकत्र ऐकावा, ही जाण या मातीत जुनी आहे. कन्नड तालुका ज्या जिल्ह्यात येतो, त्याच जिल्ह्यातील पैठणच्या संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेले 'क्रिस्तपुराण' ओवी छंदात रचले, आणि ते समुदायापुढे मोठ्याने वाचले जात असे. गावोगावच्या पारायणांमुळे ऐकण्याची जी शिस्त अंगवळणी पडली आहे, तीच रविवारच्या वाचनांना उपयोगी पडते.

नमुन्यादाखल एक रविवार

तयारीचे स्वरूप एका प्रत्यक्ष उदाहरणावरून अधिक स्पष्ट होईल. 'अ' वर्षातील सामान्यकाळाचा १५वा रविवार जुलैच्या मध्यावर येतो. २०२६ मध्ये तो १२ जुलै रोजी आहे. त्या दिवशीचे पहिले वाचन यशयाच्या ५५व्या अध्यायातील १०वे व ११वे वचन, प्रतिसाद स्तोत्र ६५वे, दुसरे वाचन रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या ८व्या अध्यायातील १८ ते २३ ही वचने, आणि शुभवर्तमान मत्तयाच्या १३व्या अध्यायातील पेरणाऱ्याचा दाखला असा क्रम आहे. कन्नड तालुक्यात त्या सुमारास मका व कापूस शेतात असतो, अद्रकाची लागवड झालेली असते आणि सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. अशा वेळी पाऊस, पेरणी आणि उगवण यांविषयीची ही वाचने आपल्याच शिवाराविषयी बोलत आहेत, असे ऐकणाऱ्याला वाटल्याशिवाय राहत नाही.

यशयाचा उतारा अवघ्या दोन वचनांचा आहे, आणि तो लहान असल्यामुळेच घाईने उरकला जाण्याचा धोका अधिक असतो. आकाशातून पडणारा पाऊस भूमी भिजवून, तिला फलद्रूप करून, पेरणाऱ्याला बी व खाणाऱ्याला भाकर देऊनच परत जातो, तसेच देवाच्या मुखातून निघालेले वचनही आपले कार्य केल्याशिवाय परतत नाही, असा त्याचा आशय आहे. ही सगळी एकच लांब उपमा असल्यामुळे, पावसाचे वर्णन पूर्ण होईपर्यंत वाचकाने आवाज खाली पडू देऊ नये आणि वचनाचा उल्लेख येण्यापूर्वी क्षणभर थांबावे, म्हणजे उपमेचे दोन्ही भाग ऐकणाऱ्याच्या मनात जुळतात. दुसऱ्या वाचनातील पौलाच्या उताऱ्यात समग्र सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हत आहे असे चित्र आहे. तो उतारा गंभीर, संथ आणि आशेच्या बाजूने चढत जाणाऱ्या स्वरात वाचावा.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात वाट, खडकाळ जमीन, काटेरी झुडपे आणि चांगली जमीन अशा चार ठिकाणी बी पडते, आणि चांगल्या जमिनीत शंभरपट, साठपट व तीसपट पीक येते. या दाखल्यावर बोलणाऱ्याने मुरमाड रान, तण आणि काळी कसदार जमीन यांतला फरक शेतकऱ्यांना शिकवत बसू नये, कारण तो त्यांना अधिक चांगला ठाऊक आहे. त्याने ख्रिस्ताच्या स्पष्टीकरणाकडे, म्हणजे वचन ऐकणाऱ्या मनाच्या स्थितीकडे, लक्ष वेधावे. त्याचबरोबर एक काळजी अवश्य घ्यावी. पावसाने दडी मारल्यामुळे ज्यांच्यावर दुबार पेरणीची वेळ आली आहे, अशी कुटुंबे समोर बसलेली असू शकतात, आणि उगवले नाही तो जमिनीचा किंवा कसणाऱ्याचा दोष, असा अर्थ त्यांच्या कानी पडला तर दाखल्याचा विपर्यास होतो. निष्फळ पेरणीनंतरही पेरत राहणाऱ्या दात्याची उदारता हा या दाखल्याचा गाभा आहे, आणि कर्ज काढून पुन्हा बी घेणाऱ्या माणसाला दिलासा देणारी बाजूही तीच आहे.

याच रीतीने उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी 'अ' वर्षात निर्गम ग्रंथातील खडकातून निघालेले पाणी आणि योहानाच्या चौथ्या अध्यायातील विहिरीवर आलेली शोमरोनी स्त्री यांची वाचने बहुधा मार्च महिन्यात, पाणीटंचाईच्या तोंडावर येतात. आणि सामान्यकाळाच्या २५व्या रविवारी, २०२६ मध्ये २० सप्टेंबरला, द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला येतो, जो रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय भिडतो. वर्षाच्या आरंभी दिनदर्शिका समोर ठेवून अशा रविवारांची नोंद करावी आणि त्या-त्या वेळच्या गावातील कामाशी त्यांचा मेळ घालावा.

व्यासपीठावरील वर्तन, स्तोत्र आणि मौन

वाचने वेदीपासून नव्हे, तर वाचनासाठीच राखलेल्या व्यासपीठावरून करावीत आणि सुटा कागद किंवा मोबाइल हातात न घेता वाचनग्रंथातूनच वाचावीत, कारण ग्रंथाविषयीचा आदर पाहणाऱ्याला डोळ्यांनीही दिसला पाहिजे. वाचकाने मिस्सापूर्वी येऊन पान उघडून पाहावे, ध्वनिक्षेपक तपासावा आणि वीज गेल्यास आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशी तयारी ठेवावी. लाल अक्षरांतील सूचना व मथळे वाचू नयेत, पाठात स्वतःचे शब्द घालू नयेत, आणि शेवटचे वाक्य संपल्यावर थोडे थांबूनच समारोपाची घोषणा करावी. पहिल्या व दुसऱ्या वाचनाच्या वेळी समुदाय बसून ऐकतो, तर शुभवर्तमानाच्या वेळी ख्रिस्ताच्या सन्मानार्थ उभा राहतो आणि कपाळ, ओठ व छाती यांवर क्रुसाची खूण करतो. वचन बुद्धीत, वाणीत व हृदयात राहो अशी प्रार्थना त्या खुणेत आहे. मिस्सामध्ये शुभवर्तमान धर्मगुरू किंवा डीकन, म्हणजे सेवेसाठी दीक्षित केलेला उपयाजक, वाचतात, आणि प्रवचनही त्यांच्याकडेच राखलेले असते.

प्रतिसाद स्तोत्र हे वाचनांच्या मध्ये टाकलेले गाणे नसून स्वतः पवित्र शास्त्राचाच पाठ आहे, म्हणून त्याच्या जागी दुसरे भक्तिगीत म्हणू नये. मराठवाड्यातील मंडळींना भजनाची सवय आहे. एकाने कडवे म्हणावे आणि सर्वांनी ध्रुवपद उचलावे ही भजनातील रीत प्रतिसाद स्तोत्राच्या रचनेशी तंतोतंत जुळते. पेटी, ढोलकी व टाळ यांच्या साथीने दोन-तीन साध्या चाली बसवल्या, तर बहुतेक स्तोत्रे त्यांत गाता येतात. वाद्यांचा आवाज शब्दांवर चढू नये, एवढे पथ्य पाळावे. शुभवर्तमानापूर्वीचा आलेलुया उपवासकाळात म्हटला जात नाही, त्याऐवजी दुसरा स्तुतिघोष असतो, हेही गाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

प्रत्येक वाचनानंतर आणि प्रवचनानंतर थोडे मौन पाळावे, असे मिस्साच्या अधिकृत मार्गदर्शिकेत सांगितले आहे. तरीही सर्वांत आधी गाळली जाते ती हीच गोष्ट. या मौनाची ओळख समुदायाला आधी करून द्यावी, म्हणजे कोणाला काही चुकले असे वाटत नाही आणि लहान मुलेही हळूहळू त्याला सरावतात.

धर्मगुरू येऊ न शकणारा रविवार

ज्या रविवारी धर्मगुरू गावात येऊ शकत नाहीत आणि जवळपास मिस्सा उपलब्ध नसते, त्या रविवारी बिशपांनी घालून दिलेल्या नियमांनुसार शब्दविधी करावा, अशी शिफारस चर्चच्या कायद्यात आहे, आणि त्यासाठी २ जून १९८८ रोजी एक मार्गदर्शिकाही प्रसिद्ध करण्यात आली. कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षण देणारा व गावातील ख्रिस्ती कुटुंबांची विचारपूस करणारा प्रशिक्षित सेवक किंवा सेविका, अशा उपासनेचे सूत्रसंचालन करू शकते. या सेवेचे महत्त्व ओळखून पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ रोजी कॅटेकिस्टची सेवा विधिपूर्वक स्थापित केली.

अशा उपासनेत आरंभीचे गीत, पश्चात्तापाची प्रार्थना, त्या रविवारची सर्व वाचने, शुभवर्तमानावर धर्मगुरूंनी लिहून पाठवलेले चिंतन किंवा मौन, श्रद्धावंतांच्या प्रार्थना, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रभूची प्रार्थना आणि आभारप्रदर्शन असा क्रम ठेवावा. पवित्र कम्युनियन वाटण्याची परवानगी बिशपांनी ज्यांना दिली असेल त्यांनीच ते वाटावे. सूत्रसंचालकाने स्वतःला समुदायातील एक मानावे. धर्मगुरूंच्या आसनावर बसू नये, त्यांचे आशीर्वचन व अभिवादन वापरू नये, आणि अर्पणाची प्रार्थना कोणत्याही स्वरूपात म्हणू नये. या मर्यादांमुळे त्या सेवेचे मोल कमी होत नाही. मिस्साची ओढ टिकून राहते आणि पुढच्या वेळी धर्मगुरू येतात तेव्हा तोच समुदाय वाचनांचा धागा न तुटता त्यांच्याबरोबर उपासनेला उभा राहतो.

ऊसतोडीवर गेलेली कुटुंबे

कन्नड तालुक्यातून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या भागात जातात आणि गाळप हंगाम संपल्यावर परततात. आगमनकाळ, नाताळ आणि उपवासकाळ हे उपासनावर्षातील सर्वांत समृद्ध काळ नेमके याच महिन्यांत येत असल्यामुळे, या कुटुंबांची मुले धर्मशिक्षणाला व सणांना कायमची मुकण्याची भीती असते. धर्मग्रामाने जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंद ठेवावी, त्यांना सहा महिन्यांच्या रविवारांची तारीखवार वाचनयादी व शुभवर्तमानाची प्रत द्यावी, आणि कुटुंबातील एका वाचकाची निवड करून निघण्यापूर्वी मिस्साच्या वेळी सर्वांसाठी प्रार्थना करावी. ज्या तळावर ती राहणार असतील, तेथील जवळच्या कॅथोलिक चर्चचा पत्ता त्यांना द्यावा आणि तेथील धर्मगुरूंना कळवावे. मोबाइलवरून शनिवारी संध्याकाळी रविवारच्या शुभवर्तमानाचे ध्वनिमुद्रण पाठवणे सहज शक्य आहे. तळावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बसलेल्या कुटुंबाला आपल्याच गावच्या वाचकाच्या आवाजात ते ऐकायला मिळाले, तर धर्मग्रामाशी असलेला संबंध अंतराने तुटत नाही.

वाचनातून धर्मग्रामाच्या कामाकडे

इसवी सन १५५च्या सुमारास संत जस्टिन यांनी रोमी सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या ग्रंथात रविवारच्या उपासनेचे जे वर्णन केले आहे, त्यात प्रेषितांच्या आठवणी व संदेष्ट्यांचे लेखन वाचले जाणे, अध्यक्षांनी उपदेश करणे, सर्वांनी उभे राहून प्रार्थना करणे, भाकर व द्राक्षारस यांचे अर्पण होणे, आणि शेवटी ज्यांना शक्य आहे त्यांनी दिलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांची काळजी घेतली जाणे, असा क्रम येतो. वाचनाचा शेवट गरजवंताच्या दारापाशी होतो, हे त्या क्रमातून दिसते, आणि आजच्या धर्मग्रामानेही आपले काम याच कसोटीवर तपासावे.

याची सुरुवात श्रद्धावंतांच्या प्रार्थनांपासून करता येते. या प्रार्थना चर्चच्या गरजा, राज्यकर्ते व जगाचे कल्याण, संकटात असलेले लोक आणि स्थानिक समुदाय या क्रमाने मांडाव्यात. त्या सूचनाफलकाप्रमाणे लांबवू नयेत, पण गावातील आजारी माणूस, परीक्षेला बसलेली मुले, पावसाची वाट पाहणारा शेतकरी आणि परगावी गेलेला मजूर यांची आठवण त्यांत असावी. त्यानंतर धर्मग्राम परिषदेने, म्हणजे धर्मगुरूंना सल्ला व साहाय्य देणाऱ्या प्रतिनिधींच्या मंडळाने, आपल्या बैठकीच्या आरंभी येत्या रविवारचे शुभवर्तमान वाचावे आणि त्या प्रकाशात या आठवड्यात कोणाकडे जायचे आहे हे ठरवावे. ज्या घरात आजारपण किंवा मृत्यू झाला असेल, तेथे जाताना रविवारचा उतारा बरोबर नेऊन तो तेथे वाचावा. घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांना त्यामुळे आपण समुदायात आहोत ही खात्री मिळते.

आठवड्यात एकदा शेजारच्या पाच-सहा कुटुंबांनी एकत्र बसून येत्या रविवारचे शुभवर्तमान वाचावे. दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेने रूढ केलेली सात पायऱ्यांची पद्धत यासाठी सोपी आहे: प्रार्थनेने प्रभूला बोलावणे, उतारा वाचणे, मनाला भिडलेले शब्द मोठ्याने पुन्हा उच्चारणे, मौन, काय भिडले ते सांगणे, त्यातून एक काम ठरवणे आणि उत्स्फूर्त प्रार्थना. या बैठकीत वाद किंवा प्रवचन होऊ देऊ नये, आणि जो कधी बोलत नाही त्याला बोलण्यास पुरेसा अवकाश द्यावा. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या वापरत असलेली सामायिक वाचनमालिकाही याच त्रैवार्षिक क्रमावर आधारलेली आहे. त्यामुळे एकाच गावातील वेगवेगळ्या मंडळ्यांच्या कुटुंबांना पुष्कळदा तोच उतारा एकत्र वाचता येतो.

प्रारंभ कोठून करावा

या सर्व सूचना एकदम अमलात आणण्याचा प्रयत्न केल्यास थोड्याच आठवड्यांत उत्साह ओसरतो, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत तीनच गोष्टी कराव्यात: चर्चच्या किंवा उपासनाघराच्या दाराशी एका फळ्यावर येत्या रविवारच्या उताऱ्यांचे संदर्भ दर रविवारी लिहावेत, वाचकांची यादी तयार करून प्रत्येकाला आपला उतारा किमान सहा दिवस आधी द्यावा, आणि प्रत्येक वाचनानंतर मौन पाळावे. यांपैकी कशालाही पैसा लागत नाही. दुसऱ्या टप्प्यात शेजारकुटुंबांची साप्ताहिक बैठक व आजाऱ्यांच्या भेटी सुरू कराव्यात, आणि तिसऱ्या टप्प्यात, दिवाळीपूर्वी, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची व्यवस्था लावावी. पोप फ्रान्सिस यांनी ३० सप्टेंबर २०१९ रोजी सामान्यकाळाचा तिसरा रविवार देववचनाचा रविवार म्हणून नेमून दिला; दरवर्षी जानेवारीच्या उत्तरार्धात येणाऱ्या या रविवारी वाचकांची सेवा समुदायापुढे अधिकृतपणे सोपवावी आणि मागील वर्षभरात काय साधले याचा आढावा घ्यावा. आढावा घेताना किती वाचने निर्दोष झाली एवढेच मोजू नये. वाचन ऐकून कोणत्या आजाऱ्याची विचारपूस झाली, कोणते भांडण मिटले आणि परगावी गेलेल्या कोणत्या कुटुंबाशी संपर्क टिकला, हे विचारावे, कारण वचन समुदायात रुजले की नाही हे त्यावरूनच कळते.